लाईन गेली तरी पावती हरवू नये: रेडिस स्ट्रीमवर कन्झ्युमर ग्रुप कसा बसवायचा

रेडिस हा मेमरीत डेटा ठेवणारा डेटाबेस, स्ट्रीम म्हणजे त्यातली मेसेजची क्रमवार यादी, आणि कन्झ्युमर ग्रुप म्हणजे ती यादी वाटून वाचणाऱ्या प्रोग्रामांचा गट. या ग्रुपवरचे बरेच लेख ग्रुप बनवून दाखवतात, दोन मेसेज वाचून दाखवतात आणि थांबतात. तेवढं दहा मिनिटांत जमतं. मेसेज उचललेला प्रोग्राम अर्ध्यात मेला तर त्या मेसेजचं काय, हा प्रश्न त्यानंतर येतो, आणि आपल्याकडे तो रोज येतो. म्हणून या लेखात वाचण्याचा भाग थोडक्यात आटोपला आहे आणि अडकलेल्या मेसेजवर जास्त वेळ दिला आहे.

उदाहरण एका जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याचं घेऊ. हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, अकोट, कुठलीही धरा. दिवाळीनंतर फाटकाबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मेटॅडोर आणि एखाददुसरी बंडी लागलेली असते. गाडी धरमकाट्यावर भरलेली चढते, कापूस उतरवून रिकामी चढते, दोन वजनांचा फरक निघतो आणि पावती फाटते. त्या पावतीवर पुढे दोन कामं होतात. शेतकऱ्याला मोबाइलवर संदेश जातो आणि हिशेबाच्या डेटाबेसमध्ये चुकाऱ्याची, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या पैशाची नोंद पडते. काट्यावरच्या माणसाला या दोन्ही कामांसाठी खोळंबून चालत नाही, मागे रांग असते. म्हणून काट्याचा प्रोग्राम पावती रेडिसच्या स्ट्रीममध्ये टाकून मोकळा होतो आणि बाकीचे प्रोग्राम ती आपापल्या सवडीने उचलतात.

हेच काम रेडिसच्या पब-सबने, म्हणजे मेसेज नुसता प्रसारित करायच्या सोयीनेही होईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पब-सबमध्ये ऐकणारा त्या क्षणी चालू नसेल तर मेसेज गेला तो गेलाच. स्ट्रीममध्ये मेसेज साठून राहतो.

आधी सर्व्हर

स्ट्रीम हा प्रकार रेडिस ५ मध्ये, २०१८ साली आला. पुढे लागणारा एक महत्त्वाचा आदेश, एक्सऑटोक्लेम, ६.२ मध्ये आला. हे मुद्दाम सांगतो, कारण जुन्या कॉम्प्युटरवर उबुंटू २२.०४ असेल तर त्याच्या भांडारातून रेडिस ६.०.१६ मिळतं आणि त्यात हा आदेश नाही. उबुंटू २४.०४ वर ७.०.१५ मिळतं, ते चालेल. २०२४ मध्ये रेडिसचा परवाना बदलला तेव्हा वेगळा निघालेला वाल्की हा प्रकल्प वापरत असाल तरी खालचे आदेश तसेच चालतात. विंडोजवर बसवायचं असेल तर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) बसवा.

सुडो ॲप्ट इन्स्टॉल रेडिस-सर्व्हर
रेडिस-सीएलआय --रॉ

या लेखात आदेश देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना आदेशाचे शब्द आणि आकडे इंग्रजीत टाका. स्ट्रीमचं, ग्रुपचं, रकान्याचं नाव मात्र मराठीत ठेवलं तरी रेडिसला काही फरक पडत नाही, त्याच्या लेखी ते नुसते बाइट. फक्त --रॉ न लावता सीएलआय (रेडिसला आदेश द्यायचा प्रोग्राम) उघडलंत तर मराठी अक्षरांच्या जागी उलट्या रेघा आणि आकडे दिसतील. घाबरू नका, डेटा शाबूत असतो.

आता लाईनचा प्रश्न. रेडिस सगळं मेमरीत ठेवतं आणि अधूनमधून डिस्कवर उतरवतं. हे अधूनमधून म्हणजे कधी, ते बघा. रेडिस ७ च्या मूळ सेटिंगमध्ये एका मिनिटात १०,००० बदल, पाच मिनिटांत १०० बदल, किंवा तासाभरात निदान १ बदल झाला तर स्नॅपशॉट, म्हणजे सगळ्या डेटाची प्रत, घेतला जातो. जिनिंगच्या काट्यावर पाच मिनिटांत १०० बदल होतच नाहीत. म्हणजे तुमचा स्नॅपशॉट तासातून एकदा, आणि लाईन गेली, यूपीएस बसलं, तर जवळजवळ तासाभराच्या पावत्या गेल्या. त्यासाठी एओएफ सुरू करायचं, ज्यात प्रत्येक बदल फाइलमध्ये मागे जोडला जातो:

कॉन्फिग सेट अपेंडओन्ली यस
कॉन्फिग रीराईट

चालू सर्व्हरवर असंच करा. आधीचा डेटा असताना कॉन्फिगची फाइल हाताने बदलून सर्व्हर रीस्टार्ट केला तर तो रिकामा उठू शकतो. मूळ सेटिंगप्रमाणे एओएफ दर सेकंदाला डिस्कवर उतरतं, म्हणजे वाईटात वाईट सेकंदभराचा डेटा जाईल. शेवटची ओळ अर्धी लिहिली असताना वीज गेली तरी रेडिस तेवढा तुटका भाग सोडून उठतं. ग्रुप आणि त्यांची बाकी कामांची यादी हेसुद्धा याच फाइलमध्ये जातं. ते वेगळं सांभाळावं लागत नाही.

काट्याच्या खोलीत एक मशीन आणि ऑफिसात दुसरं असेल तर रेडिसला पासवर्ड घाला आणि फक्त आतल्या नेटवर्कच्या पत्त्यावर ऐकायला लावा. ६३७९ हा पोर्ट राउटरवरून बाहेर कधीही उघडू नका.

पावती टाकणं

एक्सॲड काटा:पावत्या * पावती ४१७ शेतकरी १०८२ भरलेलं ४८६० रिकामं २९४० ओलावा ९

तारा म्हणजे क्रमांक तूच दे. रेडिस उत्तरात १७६३०१२३४५६७८-० असा आयडी देतं. डावीकडचा आकडा म्हणजे १९७० पासून मोजलेले मिलिसेकंद (हा आयडी १३ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११ वाजून ९ मिनिटांचा), उजवीकडचा त्याच मिलिसेकंदातला अनुक्रम. जुन्या मशीनचा सीमॉस सेल गेलेला असतो आणि चालू केलं की घड्याळ काही वर्षं मागे जातं. त्यानेही क्रम बिघडत नाही: रेडिस आधीच्या सर्वात मोठ्या आयडीच्या खाली जात नाही, त्याच मिलिसेकंदाचा अनुक्रम वाढवत राहतं. मात्र अशा वेळी आयडीवरून वेळ काढू नका. पावतीची वेळ वेगळ्या रकान्यात लिहा.

वरच्या मेसेजमध्ये दोन्ही वजनं एकत्र आहेत, याकडे लक्ष द्या. भरलेल्या गाडीचा एक मेसेज आणि रिकाम्या गाडीचा दुसरा, असं करायचा मोह होतो, कारण काट्यावर त्या दोन घटना खरंच वेगळ्या आहेत. पण ग्रुपमध्ये दोन वर्कर (मेसेज उचलून काम करणारे प्रोग्राम) असतील तर पहिला मेसेज एकाकडे जाईल, दुसरा दुसऱ्याकडे, आणि दुसरा आधी पूर्ण होऊ शकतो. रेडिसचा ग्रुप मेसेज क्रमाने वाटतो, ते कोणत्या क्रमाने पूर्ण होतील याची हमी देत नाही. काफ्का या मेसेज वाहणाऱ्या दुसऱ्या प्रणालीची सवय असलेल्यांना इथे जास्त फसायला होतं, कारण तिथे एका किल्लीचे मेसेज एकाच पार्टिशनमध्ये (यादीच्या एका तुकड्यात), म्हणून एकाच वाचणाऱ्याकडे जातात. इथे तशी सोय नाही. तेव्हा पावती पूर्ण झाली की मगच एक मेसेज टाका.

ग्रुप बनवणं

एक्सग्रुप क्रिएट काटा:पावत्या संदेश $ एमकेस्ट्रीम
एक्सग्रुप क्रिएट काटा:पावत्या हिशेब ० एमकेस्ट्रीम

प्रत्येक ग्रुपला सगळ्या पावत्या मिळतात. ग्रुपच्या आत एक पावती एकाच वर्करला मिळते. म्हणून वेगळं काम असेल तर वेगळा ग्रुप करायचा, आणि तेच काम वाटून घ्यायचं असेल तर त्याच ग्रुपमध्ये आणखी एक वर्कर घालायचा. संदेश आणि हिशेब हे दोघं एकाच ग्रुपमध्ये घातलेत तर अर्ध्या शेतकऱ्यांना संदेश जाईल आणि उरलेल्या अर्ध्यांचा चुकारा लागेल.

शेवटी एमकेस्ट्रीम आहे, त्याचा अर्थ स्ट्रीम अजून नसेल तर रिकामी तयार कर. ग्रुप आधीच असेल तर बिझीग्रुप असा एरर येतो. प्रोग्राम सुरू होताना हा आदेश दर वेळी चालवा आणि बिझीग्रुप आला तर तो गिळून पुढे जा, हीच नेहमीची रीत. उलट वाचताना नोग्रुप असा एरर आला तर मात्र थांबून बघा. रेडिस रिकामं उठलं असण्याची शक्यता असते, म्हणजे एओएफ सुरू झालंच नव्हतं.

वरच्या दोन आदेशांत एका जागी $ आहे आणि दुसऱ्या जागी ०. $ म्हणजे ग्रुप बनल्यानंतर येणाऱ्याच पावत्या. ० म्हणजे स्ट्रीममध्ये साठलेलं सगळं, पहिल्यापासून. हिशेबाचा ग्रुप हंगामाच्या मध्यात जोडलात तर त्याला ० द्यायला हवं, म्हणजे दसऱ्यापासूनच्या पावत्या त्याच्या वहीत येतील. संदेशाच्या ग्रुपला जानेवारीत ० देऊन बघा: नोव्हेंबरात कापूस विकून मोकळ्या झालेल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या मोबाइलवर "आपला कापूस मिळाला" असा संदेश जाईल, आणि दुसऱ्या दिवशी फाटकावर चुकारा मागायला गर्दी होईल.

वाचणं

एक्सरीडग्रुप ग्रुप संदेश संदेश-१ काउंट १० ब्लॉक ५००० स्ट्रीम्स काटा:पावत्या >

शेवटचं > चिन्ह म्हणजे आजवर ग्रुपमधल्या कुणालाही न दिलेल्या पावत्या. ब्लॉक ५००० म्हणजे काही नसेल तर पाच सेकंद वाट बघ आणि रिकाम्या हाताने परत ये. इथे ० दिलं तर अनंत काळ वाट बघेल. तसं करू नका, कारण मधल्या फुरसतीत वर्करला दुसरं काम द्यायचं आहे. पायथनमधून वाचत असाल तर सॉकेटचा टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत, या पाच सेकंदांपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर रेडिस शांत बसलेलं असताना लायब्ररी संपर्क तुटल्याचं ओरडेल.

नवशिक्यांना नडणारी एक गोष्ट: हा आदेश सीएलआयच्या आत न टाकता थेट शेलवरून चालवलात तर > चिन्ह शेल स्वतःच खातं आणि त्याला फाइलमध्ये लिहायची खूण समजतं. एक्सॲडच्या ताऱ्याचंही तसंच, तिथे शेल चालू फोल्डरमधल्या फाइलींची नावं भरतं. दोन्ही अवतरणात घाला.

वर्कर वेगळा नोंदवावा लागत नाही, संदेश-१ हे नाव पहिल्यांदा दिसलं की रेडिस तो तयार करतं. नाव मात्र कायमचं ठेवा. प्रोसेसचा क्रमांक नावात घातलात तर दर रीस्टार्टला नवा वर्कर जन्मतो आणि जुन्याच्या नावावरची कामं तशीच पडून राहतात.

पोच आणि बाकी

पावती वर्करला दिली की रेडिस ती त्या वर्करच्या नावे मांडून ठेवतं, गावातल्या किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीसारखी. पोच आली की नाव खोडलं जातं:

एक्सॲक काटा:पावत्या संदेश १७६३०१२३४५६७८-०

उत्तर १ आलं तर खोडलं, ० आलं तर या ग्रुपच्या यादीत तो आयडी नव्हताच. पोच दिल्याने पावती स्ट्रीममधून जात नाही. ती हिशेबाच्या ग्रुपला अजून हवी असू शकते.

पोच कधी द्यायची? काम झाल्यावर. आधी पोच आणि मग काम केलं तर मधे लाईन गेली की ती पावती कुणाच्याच नावावर उरत नाही. नंतर पोच दिली तर उलटं होऊ शकतं: संदेश गेला, पोच जायच्या आत मशीन बंद पडली, उठल्यावर तोच संदेश पुन्हा गेला. शेतकऱ्याला एकच संदेश दोनदा मिळाला तर फार तर तो फोन करून विचारेल. हिशेबाच्या ग्रुपमध्ये मात्र तीच गोष्ट म्हणजे दोनदा लागलेला चुकारा. वरच्या पावतीत १९ क्विंटल २० किलो कापूस आहे. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, म्हणजे एका दुबार नोंदीत दीड लाखावर रक्कम चुकते. म्हणून हिशेबाच्या टेबलमध्ये पावतीच्या क्रमांकावर युनिक बंधन घालाच. दुसऱ्यांदा नोंद करायला गेलं तर डेटाबेस नाकारेल, आणि वर्करने ते नाकारणं म्हणजे काम आधीच झालं असं समजून पोच द्यावी. रेडिस मेसेज निदान एकदा पोचवायची हमी देतं, नेमकं एकदाच पोचवायची नाही. उरलेली जबाबदारी या युनिक बंधनाची.

मशीन उठल्यावर

संदेश-१ ने दहा पावत्या उचलल्या, चार पूर्ण केल्या आणि लाईन गेली. परत आल्यावर त्याने > ने वाचलं तर त्याला नव्या पावत्या मिळतील, अडकलेल्या सहा मिळणार नाहीत. त्या मागायला चिन्हाच्या जागी ० द्यायचं:

एक्सरीडग्रुप ग्रुप संदेश संदेश-१ काउंट १० स्ट्रीम्स काटा:पावत्या ०

यात त्याला स्वतःच्या नावावरचीच बाकी दिसते. वर्करची मांडणी त्यामुळे अशी होते: सुरू होताच ० ने वाचत राहा, यादी रिकामी आली की > वर जा. वर्करच्या नावाबद्दल वर जो आग्रह धरला तो याचसाठी. नाव बदललं तर स्वतःची बाकी त्याला सापडणार नाही.

पण मशीन उठलीच नाही तर? समजा संदेश-१ ऑफिसच्या ज्या कॉम्प्युटरवर चालायचा त्याचा एसएमपीएस गेला आणि तो दुरुस्तीला तालुक्याला गेला. तेव्हा आधी बाकी किती आहे ते बघा:

एक्सपेंडिंग काटा:पावत्या संदेश

एकूण बाकी, सर्वात जुना आणि सर्वात नवा आयडी, आणि कोणाच्या नावावर किती, एवढं येतं. तपशील हवा असेल तर शेवटी - + २० जोडा. मग एकेका पावतीसमोर आयडी, वर्कर, ती किती मिलिसेकंद पडून आहे, आणि आजवर किती वेळा दिली गेली, असे चार आकडे मिळतात. चौथा आकडा लक्षात ठेवा.

पडून राहिलेल्या पावत्या दुसऱ्या वर्करच्या नावावर करायच्या:

एक्सऑटोक्लेम काटा:पावत्या संदेश संदेश-२ ३००००० ०-० काउंट १०

म्हणजे ३,००,००० मिलिसेकंद, पाच मिनिटं, ज्यांना कुणी हात लावला नाही त्या दहापर्यंत पावत्या संदेश-२ ला दे. उत्तरात पहिला येतो तो पुढच्या वेळी कुठून बघायचं त्याचा आयडी. ०-० आला की फेरी पूर्ण. हा आदेश प्रत्येक वर्करने पाच सेकंदांच्या रिकाम्या वेळेत अधूनमधून चालवावा, वेगळा चौकीदार प्रोग्राम लागत नाही. दोन वर्करनी एकाच वेळी चालवला तरी एक पावती दोघांना मिळत नाही, कारण पहिल्याने घेताच तिचं पडून असण्याचं घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. रेडिस ६.० वर असाल तर एक्सपेंडिंगमधून आयडी घेऊन ते एक्सक्लेमला द्यावे लागतील. काम तेच, हात जास्त.

ही पाच मिनिटं कुठून आली? वर्करला एका फेरीत लागणाऱ्या जास्तीत जास्त वेळापेक्षा मोठा आकडा हवा. संदेश पाठवणाऱ्या गेटवेचा टाइमआउट ३० सेकंद आणि एका फेरीत १० पावत्या, तर नेट रडतखडत चालू असताना एका फेरीलाच पाच मिनिटं लागतील. मग ३,००,००० अगदी काठावर येतं: जिवंत वर्करच्या हातातली पावती दुसरा ओढून नेईल आणि संदेश दोनदा जाईल. अशा ठिकाणी एक तर काउंट ३ वर आणा किंवा मुदत दहा मिनिटं करा. मी काउंट कमी करेन. दिवसाला शे-दोनशे गाड्यांच्या काट्यावर वेग हा प्रश्नच नसतो.

खरं तर एवढ्या गाड्यांना ग्रुपमागे एक वर्करही पुरतो. दुसरा ठेवायचा तो पहिल्याची मशीन पडली तर बाकी उचलायला, आणि म्हणून तो दुसऱ्या मशीनवर ठेवायचा. एकाच मशीनवर चार वर्कर चालवून लाईनीपासून काही संरक्षण मिळत नाही.

जी पावती कधीच पूर्ण होत नाही

एखाद्या शेतकऱ्याचा मोबाइल क्रमांक नऊच आकडी भरलेला असतो. गेटवे तो नाकारतो, वर्कर पोच देत नाही, पाच मिनिटांनी दुसरा ती पावती उचलतो, तोही अडतो. असं रात्रभर चालतं. तो चौथा आकडा, कितीदा दिली गेली, इथे कामी येतो. क्लेम झाला की तो एकाने वाढतो. तो ५ च्या वर गेला की वर्करने ती पावती काटा:अडलेल्या अशा दुसऱ्या स्ट्रीममध्ये एक्सॲडने टाकावी, कारण लिहावं, आणि मूळ ग्रुपला पोच द्यावी. क्रम हाच ठेवा, आधी टाकणं, मग पोच. सकाळी मुनीमजी ती स्ट्रीम बघून क्रमांक दुरुस्त करतील. नेट गेल्यामुळे आलेला एरर आणि चुकीच्या क्रमांकामुळे आलेला एरर वेगळे ओळखा, नाहीतर तासभर नेट नसलं की चांगल्या पावत्याही अडलेल्यांत जाऊन बसतील.

लक्ष ठेवणं आणि साफसफाई

एक्सइन्फो ग्रुप्स काटा:पावत्या

यात पेंडिंग म्हणजे दिलेल्या पण पोच न आलेल्या, आणि रेडिस ७ पासून दिसणारा लॅग म्हणजे अजून कुणी उचललेल्याच नाहीत त्या. लॅग वाढतोय आणि पेंडिंग शून्य, तर वर्कर बंद आहेत. पेंडिंग वाढतंय, तर वर्कर उचलतात पण काम होत नाही. बहुधा नेट किंवा गेटवे.

वर्कर कायमचा काढायचा तर एक्सग्रुप डेलकन्झ्युमर आहे, पण तो त्याच्या नावावरची बाकीही पुसून टाकतो आणि उत्तरात किती पुसली एवढाच आकडा देतो. आधी ती बाकी दुसऱ्याकडे क्लेम करा, मग काढा.

हे सगळं काटा प्रत्यक्ष चालू व्हायच्या आधी तपासायचं. वर्करच्या कोडमध्ये काम झाल्यानंतर आणि पोच देण्याआधी वीस सेकंदांची झोप घाला, खोट्या पावत्या टाका, आणि त्या झोपेत किल -९ ने वर्कर मारा. मग एक्सपेंडिंग बघा, दुसऱ्या वर्करने मुदतीनंतर त्या उचलल्या का बघा, आणि हिशेबाच्या टेबलमध्ये प्रत्येक पावती एकदाच आहे का ते मोजा. त्यानंतर रेडिसच्या मशीनचा प्लगच काढा आणि तेच पुन्हा.

स्ट्रीम आपोआप लहान होत नाही. एक्सॲडमध्ये स्ट्रीमच्या नावापुढे मॅक्सलेन ~ ५०००० घातलं तर साधारण तेवढ्याच पावत्या ठेवून जुन्या कापल्या जातात. ~ चिन्ह ठेवा. तेव्हा रेडिस सोयीच्या तुकड्यावर कापतं आणि कमी श्रमात काम होतं. मात्र कापताना पोच आली की नाही हे ते बघत नाही. बाकी असलेली पावती कापली गेली तर आयडी यादीत राहतो आणि आतला मजकूर गेलेला असतो. रेडिस ७ चं एक्सऑटोक्लेम असे आयडी यादीतून काढून तिसऱ्या भागात कळवतं. आकडा एवढा मोठा ठेवा की अख्खा हंगाम मावेल, आणि कापायचं काम मार्च-एप्रिलमध्ये आवक थांबल्यावर, दोन्ही ग्रुपचं पेंडिंग आणि लॅग शून्य दिसल्यावर हाताने करा:

एक्सट्रिम काटा:पावत्या मॅक्सलेन ०

यानंतरही ग्रुप तसेच राहतात, पुढच्या दसऱ्याला पुन्हा बनवावे लागत नाहीत.